ओल्या हाताचा हिशोब
विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला माझी जाऊ ओल्या हाताने चिकटली होती. दीर तिला ओढायला धावला, तर मोटार बघायला आलेल्या गावच्या वायरमनने पाय घालून त्याला चिखलात पाडलं.

"शिवू नका भाऊ. दोनशे तीस व्होल्ट भागिले ओल्या अंगाचे हजार ओहम. पाव अँपिअरच्या आसपास. तुम्ही बी जाल," तो सावकाश म्हणाला. मग कोरडा बांबू हाणून त्याने पेटीत येणारी वायर तोडली.

मोटारीचे वॅट तोंडी काढायचा, तसे तो माणसांचे ओहम काढायचा. चहाला आला की तळहात दाखवायला लावायचा. जावेला आधीच म्हणाला होता, "वहिनी, तुमचा हात ओला ऱ्हातो, रेझिस्टन्स कमी. करंट जादा जाईल." आम्ही हसलो होतो.

ती बेशुद्ध असतानाच त्याने तिचा तळहात उघडून पाहिला आणि गणित बरोबर आल्यासारखी मान हलवली. मला त्याची अजून भीती वाटते.

जाऊ वाचली.