हंबीररावांचा भूकंप

कोयनेच्या मोठ्या भूकंपाला आठ-नऊ वर्षं झाली होती, तरी पाटणच्या खोऱ्यात जमीन अधूनमधून हलायची. लोकांना त्याची सवय झाली होती. पण शहात्तरच्या उन्हाळ्यात निवृत्त सुभेदार हंबीररावांच्या घरात ती जरा जास्तच हलायला लागली.

पहिल्या वेळी सुभेदार न्हाणीत उभे होते. तोंडाला साबण, डोळे गच्च मिटलेले. पायाखालची फरशी एकदम डावीकडं सरकली. भिंत धरून ते ओरडले, "हादरा! भायेर पळा!"

बायको शालूबाई तव्यावरची भाकरी तशीच टाकून पळाल्या. सून बनुबाई तान्ह्या पोराला काखेत मारून पळाली. मागून ओल्या पंचावर, तोंडाला फेस अशा अवतारात सुभेदार अंगणात आले. शेजारचे नानासो ओट्यावर दाढी करत बसले होते.

"तुमास्नी हादरा कळला न्हाई?"

नानासोंनी हनुवटी चाचपून पाहिली. वस्तरा कुठंच लागला नव्हता. "न्हाई बा," ते म्हणाले.

मग पंधरवड्यात चार हादरे झाले. देवापुढं डोळे मिटून हात जोडले की हादरा. विजारीत एक पाय घातला की हादरा. शेवटी शालूबाईंनी तुळईला पळी टांगली. "पळी हलली तरच पळायचं," त्यांनी बजावलं.

पळी हलेना. सुभेदार म्हणाले, "जड हाय ती. बारकी टांग." शालूबाईंनी चमचा टांगला. तोही हलेना. आणि एका सकाळी सुभेदार विजारीसकट ज्वारीच्या पोत्यावर आडवे झाले.

"आवं, आख्खी पृथ्वी फकस्त तुमच्याच पायाखाली हलतीया व्हय?" म्हणत शालूबाईंनी त्यांना उठवलं आणि थेट पाटणच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टर म्हणाले, "पाय जुळवून उभे राहा. आता डोळे मिटा."

हे काम आपलंच, म्हणून सुभेदारांनी छाती काढली. तीन आकडे मोजून होताहेत तोवर ते उभ्या कपाटासारखे कलले. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी सावरलं.

"हादरला का न्हाई तुमचा दवाखाना?"

"टेबलावरच्या ग्लासातलं पाणी बघा, सुभेदार."

पाणी गप्प होतं. सुभेदारांनी वाकून पुन्हा एकदा बघितलं.

डॉक्टरांनी समजावलं, "कानाच्या आत तोल सांभाळणारी एक रचना असते, ती वयानं थकते. तळपायांची जाणही कमी होते. मग माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा राहतो. ते मिटले की कलंडतो. काठी घ्या, आणि रोज चौकट धरून एका पायावर उभं राहायचा सराव करा."

परतताना एस्टीत सुभेदार खिडकीबाहेर बघत राहिले. अठ्ठावीस वर्षं त्यांनी पोरांना ताठ उभं राहायला शिकवलं होतं. वाकला त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. शालूबाईंना ते कळत होतं. त्यांनी पिशवीतले शेंगदाणे काढून नवऱ्याच्या ओंजळीत ओतले, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकटीत कवायत सुरू झाली.

"उचला पाय!" शालूबाई म्हणाल्या.

"आदी सावधान म्हनायचं असतं."

"भाकरी करपतीया. उचला!"

पहिल्या दिवशी चार आकडे झाले. दिवाळीपर्यंत वीस झाले. हादरे कमी झाले, पण काठी मात्र सुभेदार हातात धरेनात. "म्हातारा दिसतो," म्हणायचे.

तशातच एका बाजारच्या दिवशी ते ओढ्यावरच्या साकवाच्या मधोमध अडकले. खाली वाहतं पाणी बघितलं आणि पाय तिथंच रुतले. मागं पाट्या घेतलेल्या बायकांची रांग लागली. शालूबाई पलीकडं पोचल्या होत्या. त्या मागं फिरल्या, पदर नीट केला आणि हात पुढं केला.

चाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत त्यांनी एकमेकांचा हात धरला नव्हता. सुभेदारांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि एकेक पाऊल टाकत काठाला लागले.

"आवं सुभेदार, साकव सरला, सोडा की आता!" मागून एक बाई हसत म्हणाली.

"फुडं उतार हाय," सुभेदार म्हणाले.

शालूबाई लाजून लालेलाल झाल्या. पण त्यांनीही हात सोडवून घेतला नाही.