खडूची खूण

इंद्रपुरीतले आमचे शेजारी कारखान्यातून इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झाले, पण खिशातला खडू काही सुटला नाही. पास मालावर बरोबरची खूण, नापासावर फुली. आमच्या करकरणाऱ्या दारावर कायम फुलीच. एक जपानी कार्टून सिनेमा तिसऱ्या आठवड्यातही हाउसफुल्ल आहे, हे ऐकून ते भडकले.

"कार्टूनला एवढी गर्दी? चला साहेब, मालच तपासून येऊ!"

सिनेमाभर ते खडूच्याच बोटांनी डोळे पुसत होते. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा त्यांचे गाल खडूने पांढरेफटक दिसले. "फिनिशिंग बढिया आहे," एवढंच बोलले. निघताना हाउसफुल्लच्या काळ्या पाटीवर त्यांनी बरोबरची खूण केली.

आज माणूस खुशीत आहे, आपणही पास होऊ, या आशेने मी घरी आल्यावर हळूच दार उघडलं. ते करकरलं. त्यांनी जुनी फुली पुन्हा गिरवली.