आत्याचा डीप

आज विहिरीनं मला ओ दिली नाही.

आत्याला जाऊन वर्ष झालं, म्हणून आम्ही सगळे मोहोळजवळच्या शेतावर जमलो होतो. घाईत लिहितेय, चुकलं तर समजून घ्या.

आत्या सोलापुरात इंग्रजी शिकवायची. सुट्टीत आम्हा भावंडांना शेतावर आणायची आणि विहिरीच्या कठड्याशी उभं करून एकच शब्द घोकून घ्यायची. डीप.

डीप वेल, खोल विहीर. डीप स्लीप, गाढ झोप. डीप ब्लू, गडद निळा. डीप ब्रेथ, दीर्घ श्वास.

"इंग्रजांचं एका शब्दावर भागतंय बग," म्हणायची, "आपल्याला दर खेपंला येगळा लागतोय की."

एकदा मी विचारलं, डीप सायलेन्स म्हणजे काय?

तिनं वाकून विहिरीत बघितलं.

"त्येला मला आजून शब्द घावला न्हाय."

तिचा धाकटा भाऊ ह्याच विहिरीत गाळ काढायला उतरला होता. आतल्या खराब हवेनं गेला. आत्या वरून हाका मारत राहिली होती.

तेव्हापासून तिचा नियम. कुणीही उतरण्याआधी आत ओरडायचं, डीप. शब्द घुमून परत आला तरच दोर सोडायचा. नाही आला तर आधी कंदील सोडून बघायचा; तो विझला तर आत हवा खराब.

मोटर दुरुस्त करणाऱ्यांनासुद्धा ती ओरडायला लावायची. शेजारचे लोक हसायचे. खरं सांगते, आम्हीपण हसायचो. विहीर दरवेळी ओ द्यायचीच.

आज दुपारी मोटर बंद पडली. दादा कमरेला दोर बांधून तयार.

मी आपली आत्याची आठवण म्हणून वाकले आणि ओरडले, डीप.

काहीच नाही.

परत ओरडले. आवाज आत गेला तो गेलाच. कपारीतले पारवेसुद्धा हलले नाहीत.

"वारं आसंल," दादा म्हणाला. "सोड दोर."

मी सोडला नाही. त्याच्याशी भांडले, रडले. शेवटी वैतागून त्यानं खोपीतला आत्याचा कंदील पेटवून खाली सोडला.

पाण्याच्या बराच वर कंदील विझला.

पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा तिथंच विझला.

दादानं कमरेचा दोर सोडला आणि गुंडाळून ठेवला.

निघताना मी शेवटची हाक दिली, तुटक, घाईघाईत. या खेपेला शब्द लगेच परत आला.

डीऽऽऽप.

असा लांबवून फक्त आत्या म्हणायची.

आत्या, तुला न घावलेला शब्द मलाही सापडलेला नाही. पण आज मी तो ऐकला गं.

भरल्या डोळ्यांनी तुला नमस्कार.

दादा घरी आलाय. जेवला आणि झोपलाय.

गाढ.