वजन टाका, भाऊ!

वरवट बकालला लग्नाचा मांडव घालत होतो. खांब उभे झाले होते, वरचं कापड ताणायचं राहिलं होतं आणि मी नेहमीप्रमाणे पोरांवर ओरडत होतो. तेवढ्यात मलकापूरहून गफूरच्या मुलाचा फोन आला. "काका, अब्बा गेले." सकाळी चहा पितापिताच छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आत सगळं संपलं... अरे, चार दिवसांनी याच मांडवात यायचं होतं त्याला! लग्नासाठी नवा कुर्ता शिवून घेतला होता, मला दोनदा दाखवूनही झाला होता. मी कापडाच्या गठ्ठ्यावर बसलो आणि कामावरच्या पोरांसमोर ढसाढसा रडलो.

गफूर आणि मी मलकापुरात एकाच गल्लीत वाढलो. त्याच्या वडिलांचं गेट-ग्रिलचं दुकान, माझ्या वडिलांचं बिछायत केंद्र. मी मांडव, सतरंज्या, खुर्च्या भाड्यानं देत राहिलो आणि तो आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायला लागला. दुनियेसाठी गफूर सर, माझ्यासाठी गफऱ्या. संध्याकाळी माझ्या दुकानासमोर येऊन बसायचा आणि बसण्याआधी माझी प्लास्टिकची खुर्ची हलवून पाहायचा. "पर्भ्या, हिचा पाय चालला बे," असं म्हटल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. त्यांच्या संस्थेत दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार व्हायचा. मांडव माझाच. प्रमुख पाहुण्यांसाठी मी माझी महाराजा खुर्ची पाठवायचो, सोनेरी रंगाची, लाल मखमलीची. तालुक्यात तशी दुसरी नव्हती, आजही नाही! एका वर्षी या पठ्ठ्यानं ती टेम्पोतून उतरूच दिली नाही. मी भडकलो. तो शांतपणे म्हणाला, "पाव्हणा येते, शाल-नारळ देते, फोटो काढते, जाते. पोरानं काय काम केलं, हे पाहाते का कोणी? ज्याचा सत्कार करून राह्यला, त्याच्या कामावर बसून तर पाह्य म्हणा."

तेव्हापासून रिवाजच पडला. वेल्डिंगमध्ये पहिला येणाऱ्यानं लोखंडी खुर्ची घडवायची, पाहुण्यानं तिच्यावर बसायचं आणि कार्यक्रम संपला की तीच खुर्ची बक्षीस म्हणून त्या विद्यार्थ्यानं घरी न्यायची. आदल्या दिवशी गफूर स्वतः तिच्यावर धाडकन आदळायचा. देह म्हणजे ज्वारीचं भरलेलं पोतं! खुर्ची कुरकुरली की पुन्हा कापा, पुन्हा जोडा. मी चिडून शपथच घेतली होती, "तुह्या पोरांच्या खुर्चीवर मी जिंदगीत बसणार नाही." तो हसायचा. "नको बसू. तुह्या मखमलीवर ढेकणं पोस."

वरवटची वैशाली त्याच्याकडे शिकायला आली, तेव्हा वेल्डिंगच्या वर्गात ती एकटी मुलगी. पहिली आली आणि संभाजीनगरच्या कारखान्यात तिला नोकरीही लागली. पण तिचे वडील श्रीरामभाऊ तिला पाठवायला तयार होईनात. माणूस वाईट नव्हता हो, भ्यालेला होता. गावात लोक म्हणत, पोरीचे डोळे जातील, हात भाजतील, मग लग्न करेल कोण? त्यांनी तर स्थळं पाहायला सुरुवातही केली होती. वैशाली खुर्ची घडवत होती आणि अधूनमधून डोळे पुसत होती... गफूर संध्याकाळी माझ्याकडे यायचा. चहा घ्यायचा, पण खुर्चीचा पाय तपासायचा नाही. तेव्हा मला कळलं की गडी आतून हलला आहे.

सत्काराच्या दिवशी श्रीरामभाऊ आले, पण मांडवात शिरेनात. माझ्या टेम्पोच्या आडोशाला टोपी हातात घेऊन उभे. मंचावर वैशालीची खुर्ची, कोणी मोठे साहेब तिच्यावर टेकणार तेवढ्यात गफूर उठला. साहेबांना म्हणाला, "साहेब, दोन मिनिटं थांबा," आणि सरळ खाली उतरून श्रीरामभाऊंचा हात धरून त्यांना मंचावर घेऊन गेला. प्राचार्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता! साहेब मात्र भले निघाले, स्वतःच बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. श्रीरामभाऊ त्या लोखंडी खुर्चीच्या कडेला कसेबसे टेकले. अर्धं अंग हवेतच. गफूर वाकून म्हणाला, "मागं सरकून बसा. वजन टाका, भाऊ! पोरीच्या हातावर भरोसा नाही का?"

भाऊ मागे सरकले, पाठ टेकली. खुर्चीनं हूं की चूं केलं नाही. मग त्यांचा अंगठा खुर्चीच्या हातावरून खाली फिरत गेला, पुन्हा वर आला. "जोड कुठी हाये, सापडूनच नाही राह्यला," ते स्वतःशीच पुटपुटले. माइक जवळ होता म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं. समोर वैशाली ओढणीचं टोक चावत उभी. भाऊंनी मान वर केली आणि विचारलं, "सर, तिथं राहाची सोय काय हाये?" आणि गफूर? आयुष्यभर ठिणग्यांसमोर उभा राहिलेला माणूस, भर मंचावर रुमाल शोधत होता.

वैशाली गेली, कामाला लागली, तिथल्याच एका फिटरनं तिला मागणी घातली. लग्नाचं पहिलं आमंत्रण गफूर सरांना आणि मांडव त्यांच्या दोस्ताचा.

मी मलकापूरला जाऊन गफूरला माती देऊन आलो आणि मांडव पुरा केला. लग्न थांबवू नका, हे त्याच्या बायकोनंच निरोप पाठवून सांगितलं होतं. लग्नाच्या दिवशी पहिल्या रांगेत, माझ्या पांढऱ्या खोळींच्या खुर्च्यांमध्ये, ती लोखंडी खुर्ची मांडलेली. श्रीरामभाऊंनी घरातून काढून, पुसून आणली होती. मी तिच्याकडे न पाहता मागे चाललो होतो, तर त्यांनी मनगट धरलं. "ही सरांसाठी ठेवली होती. आता तुम्हीच बसा."

शपथ होती ना माझी... पण कोणाला सांगणार? टेकलो. कडेला, चोरट्यासारखा. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि गळ्यात हार घातलेली वैशाली मंचावरून माझ्याकडेच पाहत होती. वाजंत्रीत आवाज येणं शक्य नव्हतं. तिनं फक्त हातानं खूण केली, मागं सरका.

मी मागे सरकलो. सगळं वजन टाकलं. गफऱ्या, नाही कुरकुरली रे.