पॉलिसीचे मालक

पाचव्या मजल्यावरचे काका लिफ्ट वापरत नाहीत. सत्तरी ओलांडली तरी केस काळे कुळकुळीत, आणि नवीन पनवेलच्या मंडईतून आले की पिशव्या घेऊन जिनाच चढणार. मागून काकू धापा टाकत. माझं नशीब असं, की मी त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्यांना पेन्शनची पॉलिसी मीच विकली आहे.

पेन्शन सुरू व्हायची तारीख जवळ आली, की काका माझ्या दारात उभे. "पुढे ढकल. पेन्शन म्हाताऱ्यांना लागते." मी समजवायला लागलो, की बोट वर करून विचारतात, "पॉलिसीचा मालक कोण?"

"तुम्हीच, काका."

"मग?"

नियमात बसतंय तोवर तारीख पुढे न्यायचा हक्क मालकाचा. दरवर्षी मी मुकाट्याने अर्ज भरतो आणि मग बायकोवर खेकसतो.

काल काकूही सोबत आल्या. पेन्शन सुरू झाली की भांड्यांना बाई लावू, हे त्या कधीपासून ऐकतायत. ओले हात पदराला पुसत त्यांनी विचारलं, "नॉमिनी म्हणून माझं नाव आहे ना? मग माझा काहीच हक्क नाही का रे?"

"आहे ना, काकू. पण काका गेल्यावर."

मी जीभ चावली. काकूंनी शांतपणे काकांकडे बघितलं.

"बरं," त्या म्हणाल्या, "थांबते मी."

काका अर्जावर सही न करताच उठले. बाहेर जाऊन त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट येईपर्यंत उभे मात्र मालकासारखेच होते.