उसावर मारायचा पंप

"हात वर कर. आता फिर."

मी फिरले.

बंगल्याच्या फाटकाच्या आत चुन्याचं रिंगण काढलं होतं. त्यात मला उभं केलं होतं. मालकांच्या पाठीवर पंप. शेतात उसावर तणनाशक मारतात, तोच. त्यात ब्लिचिंग पावडरचं पाणी. आधी पाठीवर मारलं, मग पायांवर, मग पुढून. डोळे मिट म्हणून सांगायचं राहिलं त्यांचं. व्हरांड्यात वहिनी उभ्या होत्या, मास्कवरून पदर धरून. त्यांची नात हसली. मीही हसले. काय करावं कळेनासं झालं की माणूस हसतं.

लॉकडाऊन जरा सैल झालं होतं. कामवाल्या बायकांना कॉलनीत सोडायचं ठरलं, पण 'काळजी घेऊन'. ही ती काळजी.

थोरली लेक पोटात असल्यापासून मी त्या घरात धुणं-भांडी करत होते. वहिनींच्या सासऱ्यांचं शेवटचं आजारपण मी काढलं. त्यांचं हगणं-मुतणं काढताना अंतर कुणी मोजलं नाही. तेव्हा मी घरची होते. मावशी होते. आता फाटकावर आले की आतून आवाज यायचा, "ती आली बघा."

रोज पंप. ओल्या अंगानं धुणं धुवायचं, भांडी घासायची आणि त्याच लुगड्यानं घरी जायचं. लुगड्यावर पांढरे डाग पडले. वास तर घासून जाईना.

घर म्हणजे एक खोली. मी, नवरा, दोन पोरी आणि सासू. टीव्हीवरची बाई सांगायची, दोन माणसांत सहा फूट अंतर ठेवा. आमच्यात सहा फुटांवर भिंत लागते. संडासला सगळ्या गल्लीची एक रांग. अंतर ठेवायला आधी जागा लागते, ही साधी गोष्ट. ती सांगायची कुणाला?

सासूला जुना दमा. माझं लुगडं खोलीत वाळायला लागलं की ती खोकायला लागायची. खोकून खोकून डोळे पांढरे करायची. मी पाठ चोळायचे आणि मनात म्हणायचे, हा खोकला मीच रोज अंगावर घेऊन येते.

"काय मारत्यात गं तुझ्या अंगाव?" एकदा तिनं विचारलं.

"औषध. लांब ऱ्हायाचं असतंय आता. डिस्टन्सिंग म्हणत्यात."

"आमच्या येळंला ह्येला इटाळ म्हणायचे," ती म्हणाली. दम खात म्हणाली.

मी वहिनींना सांगून बघितलं. "वहिनी, सासूला दमा हाय. ह्यो वास तिला सोसत न्हाय. त्यापरीस मी हितंच साबणानं आंघोळ करून कामाला लागते की."

"आंघोळ? कुठल्या बाथरूममध्ये?" वहिनींनी विचारलं. मग म्हणाल्या, "बरं नाही वाटत गं ते."

एका सकाळी मी रिंगणात होते, नुकतीच भिजलेली. तेवढ्यात पुण्याहून जावयांची गाडी आली. मालकांनी पंप उतरवून ठेवला. फाटक सताड उघडलं. "या पावणं, या!" जावयांना मिठीच मारली. वहिनींनी लेक-जावयावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्यांच्या पायांवर कोमट पाणी घातलं. मी तिथंच उभी. माझ्या पापण्यांवरून ब्लिचिंग गळत होतं. दुपारी मांडीला मांडी लावून तांबडा-पांढरा रस्सा झाला. ताटं मी घासली.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतून कुणीतरी फोन केला. म्हातारी खोकते म्हणून. मी त्याला दोष देत नाही. भिंती पातळ, भीती मोठी. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. सासूनं दाराची चौकट धरली. "दमा हाय रं बाबा, जुना दमा हाय." तिची बोटं एकेक करून सोडवली. मला सोबत जाऊ दिलं नाही. मी गाडीमागं धावले, तर कोपऱ्यावर बांबू आणि पत्रे ठोकायचं काम सुरू झालं होतं. गल्ली बंद. ती कुठं झोपते, तिला पाणी कोण देतं, काही कळेना. मी पत्र्याला कपाळ लावून रडले. पत्र्यापलीकडं पोलीस होता. तो म्हणाला, "बाई, लांब हो."

पुण्याच्या जावयांना कोरोना निघालाच. वहिनींनी फोनवर सांगितलं. त्यांच्या फाटकाला कागद चिकटवला. जावयांना माडीवरची खोली दिली. कॉलनीला पत्रा लागला नाही.

सासूला कोरोना नव्हता. ती परत आली, पण उंबऱ्याच्या आत येईना. नाती जवळ गेल्या की हात हलवायची. "लांब ऱ्हावा माझ्यापास्नं." छातीचा भाता सारखा चाललेला. दवाखाने फिरलो. कुणी दारातूनच गोळ्या दिल्या.

पत्रे निघाले तसा बंगल्यातून निरोप आला. सगळे बरे झालेत, कामाला ये. मी गेले. जावं लागतं. रिंगणाला नवा चुना मारलेला. मालक आठ-दहा दिवस तापानं पडून उठले होते, तरी पाठीवर पंप.

"हात वर कर."

"मालक, रोग तुमच्या घरात हुता. आमच्यात न्हवता."

"लई बोलू नकोस. फिर."

"न्हाय फिरत."

वहिनी व्हरांड्यातून म्हणाल्या, "तुला काम पाहिजे का नको?"

"काम पायजे. ह्यो पंप नको. घरात माझ्या म्हातारीला श्वास घेता येईना."

मालकांनी तरी पंपाचा दट्ट्या मारला. फवारा सुटतो त्या कांडीचं तोंड मी मुठीत धरलं आणि खाली दाबलं. मालकांनी ओढून घेतली नाही. माझा हात लागला म्हणून त्यांनी कांडीच सोडून दिली. मी बाहेर पडले, फाटक लागलं. कॉलनीतली बाकीची फाटकंही मग माझ्यासाठी उघडली नाहीत.

थंडीत सासू गेली. दम्यानं. मी पंप धरला तेव्हा फार उशीर झाला होता. आधी धरला असता तर? ठाऊक नाही. हा प्रश्न मला जेवू देत नाही.

आता मी पंगतीत वाढपाला जाते. परवा मंगळवार पेठेतल्या एका लग्नात मालक जेवायला बसले होते. शेजारच्याला म्हणाले, "कायबी म्हणा, कोरोनानं गरीब-श्रीमंत एका रांगेत आणलं बघा." माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. मी ते खाली ठेवलं.

"न्हाय आणलं," मी म्हणाले. "तुमचा जावई माडीवर निजला. माझ्या सासूला हात सोडवून नेली."

कंत्राटदारानं मला दंडाला धरून मागं नेलं. ते काम गेलं. दुसरं मिळेल, तेही जाईल. पण ते वाक्य माझ्यासमोर जो कुणी बोलेल, त्याला मी जेवत्या ताटावर थांबवणार आणि माझ्या म्हातारीचा श्वास कुणी घेतला ते नाव घेऊन सांगणार.