होडीतून दिसणारी धार

२०२२ साली मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. गणपती जाऊन दोन दिवस झाले होते, पावसाने उघडीप दिली होती, आणि मुंबईहून गाडी घेऊन आलेला आमचा मुलगा दोन दिवसांनी आईला घेऊन परत जाणार होता. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी बरंच काय काय सांगितलं होतं. मला त्यातलं एवढंच कळलं की पुढे ती कधी, कुठे चढू-उतरू शकेल ते कोणी सांगत नाही, आणि माझ्या हातात दोनच दिवस आहेत.

कशाला, ते सांगतो. मी चौथी शिकलो आणि बाराव्या वर्षी होडीवर चढलो. पुढे तांडेल झालो. होडी तांडेलाच्या शब्दावर चालते, त्यामुळे घरातही माझा शब्द खाली पडलेला मला चालत नाही. लोक लांबून येतात, वाळूवर उभे राहतात आणि समुद्र बघतात. समुद्र काय बघायचा? समुद्रात जाऊन जमीन बघावी. आरे-वारेच्या वळणावर गाड्यांची रांग लागते, पण ते वळण बाहेरून कोयतीच्या पात्यासारखं दिसतं हे त्या गाडीवाल्यांना ठाऊक नाही. गणपतीपुळ्याला आत गर्दीत दर्शन घेतात. आम्हाला बाहेरून अख्खा डोंगरच देव दिसतो, सुकाणू काखेत धरून हात जोडायचे.

आणि या सगळ्यांच्या वर माझी धार. वरवड्याच्या पुढे, जयगडच्या अलीकडे, तांबड्या कड्यावरून गोडं पाणी सरळ समुद्रात पडतं. भादव्यात चांगला जोर असतो, दिवाळीला सुंभाएवढी होते. होडी जवळ नेली की तोंडावर जे पाणी उडतं ते एका गालाला खारट, एका गालाला गोड.

हे मी बायकोला लग्न झाल्यापासून, म्हणजे सेहेचाळीस वर्षं सांगत आलो होतो. आधी ती ऐकायची. अलीकडे म्हणायची, "तुमच्याशिवाय कोणी बघलीय का ती?" नातवंडं फिदीफिदी हसायची. मला ते लागायचं. म्हणून जेवताना मी जाहीर केलं, उद्या हिला धार दाखवणार. मुलाने मोबाईलमधला नकाशा पुढेमागे सरकवला.

"बाबा, यात असं काय दाखवत नाय."

"त्या मोबाईलवाल्याचा बाप कधी होडीतून गेला होता?" मी म्हटलं.

सकाळी मुलाच्या गाडीतून निघालो. मी पुढे, ती मागे पाय लांब करून. काळबादेवी गाव मागे पडल्यापासून मी मुलाला सांगत सुटलो, उजवीकडे बघ, आता उजवीकडे अमुक येईल. उजवीकडे आंब्याच्या बागा आणि त्यांना घातलेले दगडी गडगे. उत्तरेला जाताना जमीन उजव्या हाताला, हे माझ्या अंगात भिनलेलं. रस्ता आत असतो, समुद्र डावीकडे राहतो, हे मला कळत होतं पण तोंडात येत नव्हतं. मुलगा शेवटी हसायला लागला. बायको म्हणाली, त्यांना हसू नको, आधीच घाम फुटलाय.

ती मात्र मजेत होती. तिने वीस-बावीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन याच वाड्यांतून मासे विकले. मालगुंडात एका दुकानातली म्हातारी धावत आली, तुझ्यासारखे सुके बांगडे आता कोण आणत नाही म्हणाली, आणि चहा पाजल्याशिवाय सोडेना. मी दोनदा हॉर्न वाजवायला लावला. वरवड्याची खाडी ओलांडली, आता येईल, आता येईल करता करता जयगडच्या दीपगृहाची बत्ती समोर आली. म्हणजे धार मागे राहिली होती. मुलाने विचारलं, विचारूया का कोणाला? मी म्हटलं, मी माझी धार दुसऱ्याला विचारणार? आधी देव करून येऊ, येताना दाखवतो.

जयगडहून गाडीसकट फेरीबोटीत बसून पलीकडे तवसाळला गेलो. बोटीत ती गाडीतून उतरली आणि कठडा धरून उभी राहिली. पलीकडचा काठ लागेपर्यंत मागे सुटणाऱ्या जमिनीकडे बघत राहिली. मी दोनदा सांगितलं, आत बस, गुडघे दुखतील.

हेदवीला दशभुजा गणपतीसमोर ती डोळे मिटून बसली ती उठेना. नंतर बामणघळीवर गेलो. कातळातल्या त्या चिरेतून भरतीचं पाणी उसळून वर येतं, बघणाऱ्याचं काळीज हलतं. मीही एरवी तासभर बघितलं असतं. पण उन्हं कलत होती आणि मला बसवत नव्हतं. चला, चला, हाच माझा जप.

परतताना जयगडजवळच्या खंडाळ्याच्या बाजूने एक रस्ता घेतला, तो चार घरांच्या एका आवाठात संपला. दुसरा घेतला, तो कोणाच्या तरी फाटकावर. तेव्हा बायकोने मला न विचारता काच खाली केली आणि अंगणात गवत कापणाऱ्या बाईला हाक मारली. गोडं पाणी समुद्रात कुठे पडतं गो? ती बाई म्हणाली, सड्यावरून व्हाळ जातो तो, पण खाली काय होतं ते बघायला कोण मरायला गेलंय?

आम्ही सड्यावर, कड्याच्या माथ्यावरच्या उघड्या माळावर गेलो. कातळावर बारीक पिवळी-जांभळी फुलं, मधून घोटाभर पाण्याचा व्हाळ. बायको कातळावर टेकली आणि पाय पाण्यात सोडले. मी कडेकडे गेलो आणि खाली समुद्रातला खडक बघितला. आम्ही त्याला म्हैस म्हणतो. मी जन्मभर तिचं डोकं डाव्या अंगाला बघितलेलं, इथून ते उजव्या अंगाला होतं. मी आधी ओळखलीच नाही. मग ओळखली. धार आमच्या पायाखाली होती.

"हीच," मी म्हटलं.

"काय हीच?"

"धार."

तिने पायाखालच्या पाण्याकडे बघितलं. मुलगा मोबाईल पुढे धरून कडेवर वाकला, कातळ शेवाळलेला, मी त्याला शर्टाला धरून मागे ओढला. फोटोत नुसता फेस आला.

"हा व्हाळ बघायला आणलात होय मला," ती म्हणाली. "आपल्या परसात आहे की असा."

मी सांगायला लागलो, खालून बघायला पाहिजे, बाहेरून. तिने मला मध्येच थांबवलं. आवाज चढवला नाही.

"मी विचारलं होतं तेव्हा नेलं असतंत तर माझे गुडघे धड होते."

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, नारळी पौर्णिमेच्या आधी, तिने मला किनाऱ्यावर विचारलं होतं, मला एकदा होडीतून न्याल का. खलाशी ऐकत होते. मी मोठ्याने म्हटलं होतं, जाळ्याच्या होडीला बाईचं पाऊल लागलं तर जाळं रिकामं येतं. सगळे हसले. ती पाटी उचलून गेली, आणि पुन्हा कधी तिने विचारलं नाही. मला वाटलं, विसरली.

घरी आल्यावर मी चहा न घेता होडीकडे गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. बायकोने विचारलं, अंगात काय संचारलंय? जाळ्याच्या होडीचा तो नियम माझ्या बापाचा. मी तो मानतो, आजही मानतो. कोणी मला त्यावर शिकवायला येऊ नये.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी दोन्ही खलाशांना बोलावलं आणि होडीतली सगळी जाळी उतरवून वाळूवर काढायला लावली. एकाने विचारलं, तांडेल, मग जायचं कशाला? मी त्याला नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, पाणी मारायला सांगितलं. पडवीतली प्लास्टिकची खुर्ची आणून होडीत घट्ट बांधली, तोंड उजव्या हाताला, जमीन येईल त्या बाजूला करून. मग मी आणि मुलाने हिला दोन्ही बाजूंनी उचलून त्या खुर्चीत बसवलं, आणि मी इंजिन चालू केलं.